भरीव भिंत

आमच्या गावची गढी भरीव आहे, हे मला बाराखडीच्या आधी शिकवण्यात आलं. बाबा शाळामास्तर होते आणि गढी हा त्यांचा लाडका विषय होता. पाहुणा आला की चहा उकळायच्या आत गढी निघायची. पाहुणा भैंशाचा कापसाचा व्यापारी असो नाहीतर आदिलाबादहून आलेला शाळातपासनीस, त्याला उन्हात उत्तरेच्या भिंतीपाशी नेऊन उभं करायचं, भिंतीवर दोनदा मूठ आपटायची आणि म्हणायचं, "भरीव हाय. बारा हात. चिमटीएवढी पोकळ जागा नाई सापडनार." पाहुणा बिचारा घाम पुशीत मान डोलवायचा.

आंध्र सरकारनं तहसील मोडून लहान लहान मंडलं केली, त्या सुमाराची ही गोष्ट. कचेरीवरच्या पाट्या तेलुगूत, जमिनीचे शब्द अजून उर्दूत आणि भांडणं मराठीत, असं आमच्याकडे चालायचं. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. आदिलाबादच्या कॉलेजात बीएचं पहिलं वर्ष झालं होतं आणि आपल्याला जगातलं बरंच कळतं अशी माझी खात्री होती.

गढी म्हणजे काही फार मोठा किल्ला नव्हे. वेशीचे दोन दगडी खांब सोडले तर बाकी सगळी माती. पांढरी, चिकण, उन्हात विटेसारखी कडक होणारी. चारपैकी एक बुरूज अर्धा उभा होता, पूर्व-दक्षिणेच्या भिंती शेतांत मिसळून गेल्या होत्या. उत्तरेची भिंत मात्र दोन पुरुष उंच होती आणि तिच्या बाहेर खंदक होता. खंदकात पावसाळ्यात पाणी साचायचं आणि उन्हाळ्यात सीताफळीची झुडपं वाळून उभी असायची.

ही गढी शत्रूसाठी बांधलेली नव्हती, भावासाठी बांधलेली होती. निजामाचा अंमल गावापर्यंत येता येता पातळ व्हायचा, ज्याच्या पदरी दहा रोहिले आणि पाच अरब तोच धनी, अशा काळातली हकिकत. गावची देशमुखी दोन सख्ख्या भावांत अडकली. थोरल्यानं एका उन्हाळ्यात अख्ख्या गावाला माती तुडवायला लावली आणि गढी उभी केली. पावसाळा सरल्यावर धाकट्यानं खंदकापलीकडे तळ ठोकला. एकाच पंगतीत वाढलेली माणसं तीन महिने एकमेकांवर बंदुका रोखून बसली. आतला एक जण रोज संध्याकाळी भिंतीवरून बाहेरच्या मेव्हण्याला बहिणीची खुशाली विचारायचा आणि खुशाली कळली की दोघंही पुन्हा नेम धरायचे, असं आजी सांगायची. तिला त्यात काही विशेष वाटायचं नाही. मला मात्र त्या मेव्हण्याच्या बायकोची काळजी वाटायची.

इथून पुढे गोष्टीला दोन वाटा फुटत. आम्ही थोरल्या पातीचे, म्हणजे थोरल्या भावाच्या वंशातले. आमच्यातले बहुतेक मास्तर, कारकून, पोस्टात. आमची हकिकत अशी, की भिंत इतकी भरीव होती की तोफेचे गोळे तिनं पोटात घेतले, धाकटा थकला, शरण आला, आणि थोरल्यानं मोठ्या मनानं त्याला अर्धा वाटा दिला. धाकट्या पातीची माणसं भाजीपाला लावायची, बाजारात दुकानं टाकायची. त्यांची हकिकत अशी, की धाकट्यानं खंदकातून भिंतीखाली सुरुंग खणला. थोरल्याला एका दुपारी पायाखाली कुदळीचे घाव ऐकू आले आणि त्यानं आपल्या हातानं वेस उघडली. दारू भरायची वेळच आली नाही.

सुरुंग म्हटलं की बाबांचं डोकं फिरायचं. त्यांनी गढीचा इतिहास एका जाड वहीत लिहायला घेतला होता, आणि त्यात सुरुंगाला एक ओळही नव्हती. "आपल्या मनाचं समाधान करतेत लोक," एवढंच म्हणायचे. दोन पात्यांत बोलणं नव्हतं. लग्नाला नाही, मयताला नाही. कोणी कोणाला सुपारीचं खांड दिल्याचं मी पाहिलं नव्हतं. दीडेकशे वर्षांपूर्वीच्या भांडणावर आम्ही अजून गाल फुगवून बसलो होतो. लहानपणी मला ते फार उदात्त वाटायचं.

एकच गोष्ट दोन्ही पात्या सारखी करायच्या. आमची घरं धाब्याची, म्हणजे सपाट मातीच्या छपराची. दर वैशाखात छपरावर पांढऱ्या मातीचा नवा थर द्यावा लागायचा, नाहीतर मृगात घरभर भांडी मांडून बसायची पाळी. आणि त्या मातीसारखी माती पंचक्रोशीत फक्त गढीत. आम्ही भिंतीच्या आतल्या अंगानं खणायचं, त्यांनी खंदकाच्या अंगानं. त्यांच्या बाईनं वेशीच्या आत पाय टाकायचा नाही, आमच्या बाईनं खंदकात उतरायचं नाही. अशी ती भिंत दोन्हीकडून थोडी थोडी घरांवर जाऊन बसत होती. बाबांना ते पाहवायचं नाही, पण स्वतःचं धाबं गळायला लागलं की त्यांचा इतिहास गप्प बसायचा.

खणायचं काम बायकांचं. वरवरची माती उन्हापावसानं मेलेली असते, चांगली माती खोल मिळते, म्हणून भिंतीत बिळासारखी भोकं पडत जायची. एकीनं वाकून आत जायचं आणि टोपलं भरून मागे सरकवायचं. दुसरीनं तोंडाशी राखणीला बसायचं. वरून माती झिरपायला लागली किंवा भेग दिसली, की घमेलं वाजवायचं. घमेलं वाजलं की आतलीनं हातातलं टाकून बाहेर यायचं. या कामात कसब काही नाही, फक्त लक्ष लागतं.

त्या दिवशी सकाळी आत वहिनी होती आणि राखणीला मी.

वहिनी इचोड्याची. तिच्या वडिलांचं ट्रकच्या रस्त्यावर पंक्चरचं दुकान होतं, त्यामुळे ती पंजाबी ड्रायव्हरशीही हिंदीत हुज्जत घालू शकायची आणि आमच्या घरात हळू बोलायला शिकून तिला दीड वर्ष झालं होतं. दादा नोकरीला आदिलाबादला. त्याला खोली मिळेपर्यंत ही आमच्याकडे. कामाला वाघीण. आणि त्या सकाळी आमचं बोलणं नव्हतं, कारण तिनं माझी फणी वापरून तिच्यात केस तसेच ठेवले होते. मी तिला त्यावरून नको नको ते बोलले होते. इचोड्याला लोक असेच राहतात का, असंही विचारलं होतं. ती उलटून काही बोलली नाही, त्याचा मला आणखी राग आला होता.

दहा वाजले असतील. तिनं चौथं टोपलं मागे सरकवलं आणि आतून म्हणाली, "बाई, इथं माती भुसभुशी लागून राह्यली. खुरप्यानंच निघते. आज लवकर होईन आपलं."

मी नुसतं "हं" केलं.

तेवढ्यात भिंतीवर, जिथे ती थोडी खचली होती तिथे, एक डोकं दिसलं. धाकट्या पातीतला सगळ्यात वडील म्हातारा. खंदकापलीकडे त्याची वांग्यांची वाडी होती. मुंडाशाखाली डोळे बारीक करून त्यानं बिळाकडे पाहिलं आणि मला म्हणाला, "पोरी, आत कोन हाय? बाहीर बोलाव. तिथं खाली पोकळ हाय."

त्या घरातल्या माणसानं माझ्याशी बोललेले हे पहिले शब्द. मला भीती वाटली नाही, हे मी स्वच्छ सांगते. मला राग आला. माझ्या बाबांच्या भिंतीला हा पोकळ म्हणतो. मी त्याच्याकडे पाहिलं आणि घरी शिकवलं होतं तशी मान फिरवली.

"पोरी, आयकून राह्यली ना? बोलाव तिले बाहीर." आता तो चांगला ओरडला होता.

मी भिंतीकडे तोंड करून बसून राहिले. घमेलं माझ्या मांडीला टेकलेलं होतं. म्हातारा दिसेनासा झाला. तो पळत वळसा घालून वेशीकडे निघाला होता, हे मला नंतर कळलं. त्याला वेशीपर्यंत यायला जितका वेळ लागला, तितका वेळ माझ्या हातात होता. तेवढ्यात घमेलं शंभर वेळा वाजवता आलं असतं.

आवाज फार मोठा झाला नाही. भरलेलं पोतं जमिनीवर टाकावं इतकाच. पांढरी धूळ उठली, ती खाली बसली, आणि बिळाचं तोंड नव्हतं. तिथे नुसता मातीचा उतार होता. मी घमेलं उचललं आणि दगडानं वाजवायला लागले. लोक जमेपर्यंत वाजवतच होते. कोणीतरी ते माझ्या हातातून हिसकावून घेतलं.

सुट्टीचे दिवस होते, बाबा घरीच होते. बनियनवर धावत आले. आमच्या पातीतले पाच-सहा पुरुष फावडी घेऊन उताराला भिडले, पण एक फावडं काढलं की वरून दोन फावडी माती खाली येत होती. बाबा "थांबा, थांबा" म्हणायचे, मातीला कान लावायचे, आणि मग "काढा" म्हणायचे. आतून काही ऐकू येत नव्हतं. असं तीन-चारदा झालं. आईला कोणीतरी धरून ठेवलं होतं. मी मनात वहिनीची माफी मागत होते आणि त्याच वेळी हेही मोजत होते, की मी काय केलं हे कोणाकोणाला माहीत आहे. फक्त एका माणसाला.

तो माणूस घरच्यांना बोलावून पुन्हा वेशीच्या खांबांपाशी येऊन उभा होता. धापा टाकत होता. त्याच्या पातीतल्या कोणी पिढ्यान् पिढ्या त्या खांबांच्या आत पाऊल टाकलेलं नव्हतं. त्यानं एकदा खाली पाहिलं आणि सरळ आत आला. त्याच्यामागे त्याच्या घरचे तिघं आले. फावडी थांबली.

"मास्तर," तो बाबांना म्हणाला, "इकून तुमी तिच्यापरेंत नाई पोचत. खंदकातून या. शेंदराचा धोंडा हाय ना, तिथून."

खंदकात भिंतीला टेकून एक शेंदूर फासलेला धोंडा होता. धाकट्या पातीच्या बायका दसऱ्याला तिथे दिवा लावायच्या. आम्हाला वाटायचं, असेल एखादी मरीआई.

"तिथं काय हाय?" बाबांनी विचारलं.

"सुरुंगाचं तोंड."

बाबांचा चेहरा आखडला. "भिंत भरीव हाय," ते म्हणाले. "तिकून घाव घातला तं उरलेली भिंत बी तिच्यावर बसन. मंग कोन जबाबदार?"

आज मागे वळून पाहताना मला बाबांचा राग येत नाही. ते हट्टानं बोलत नव्हते. त्यांचा खरोखर विश्वास होता. म्हातारा खोटा असेल, निदान चुकीचा असेल, तर खंदकाकडून खणणं म्हणजे वहिनीला आपल्या हातानं गाडणं होतं. आणि तो खरा असेल, तर इकडे घालवलेलं प्रत्येक मिनिट तिच्या श्वासातून जात होतं. बाबा भिंतीकडे पाहत उभे राहिले.

मला बोलता येत होतं. "बाबा, यांनी मला आधीच सांगितलं होतं," एवढं वाक्य पुरेसं होतं. भिंत पडल्यावर सुचलेली ही बढाई नव्हे, हा माणूस आधीपासून जाणून होता, हे त्यातून सिद्ध झालं असतं. मी तोंड उघडलं, आणि तोंडातून भलतंच आलं.

"बाबा, वहिनी म्हनत होती, आत माती भुसभुशी लागली. खुरप्यानं निघते म्हने."

तेही खरंच होतं. माझी लाज झाकून काम भागेल असं खरं मला अगदी वेळेवर सापडलं. आपण इतके हुशार आहोत, हे मला तोवर माहीत नव्हतं.

बाबा मास्तर असले तरी धाब्याच्या घरातलेच होते. तुडवून उभी केलेली भिंत आत जितकं जावं तितकी कडक होत जाते, हे त्यांना कळत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे. ज्या भिंतीवर त्यांनी शेकडो वेळा मूठ आपटली होती, तिच्यावर त्यांनी नुसता तळहात ठेवला आणि काढून घेतला.

"चला," ते म्हणाले. "तिकून खोदा."

सगळे वेशीतून वळसा घालून खंदकात उतरलो. म्हाताऱ्यानं धोंड्याला हात लावून कपाळाला लावला आणि त्याच्याखाली पहार घातली. धोंडा कलंडला. मागे भिंतीचा रंगच वेगळा होता. काळी माती, खापरं, भुसा, कोणीतरी घाईनं कोंबून भरलेलं. ते कोंबलेलं निघायला लागलं तसं एक तोंड दिसू लागलं. रांगत जाता येईल इतपत. वर कमानीसारखा आकार होता आणि त्यावर कुदळीचे घाव जसेच्या तसे होते. बाबांनी ते घाव पाहिले. मी बाबांना पाहत होते.

आत शेजारी शेजारी दोन माणसं मावत नव्हती. बाबांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि स्वतः आत शिरले. त्यांच्यामागे म्हातारा. बाबा माती मागे ढकलायचे, म्हातारा घमेल्यात भरायचा, आणि घमेलं हातोहात बाहेर यायचं. एक हात आमच्या पातीचा, एक त्यांच्या. त्या दिवसाआधी त्या दोन घरांत एक काडीही हातातून हातात गेलेली नव्हती. मी रांगेत उभी होते. उजव्या बाजूला त्यांची कोण बाई होती, मला तिचं तोंडही ओळखीचं नव्हतं.

किती वेळ गेला, सांगता येत नाही. भिंतीच्या माथ्यावरून मधूनच ढेकळं सुटत होती, आणि प्रत्येक वेळी रांग जागच्या जागी थिजायची. मग आतून पहारेचा आवाज बदलला. घाव बसायचा तो बसलाच नाही. बाबांचा आवाज आला, "सूनबाई."

काही नाही.

"सूनबाई."

काही नाही. माझ्या शेजारच्या त्या बाईनं माझं मनगट धरलं.

"सूनबाई, आइकून राह्यली का?"

आणि फार दुरून, बसक्या गळ्यानं, "हाव."

ती डोक्याकडून बाहेर आली, पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी पांढरी. सुरुंगाच्या पोकळीनं तिला जागा दिली होती, थोडी हवा दिली होती. उजवा हात मात्र खांद्यापासून लोंबत होता. ती खोकत होती, आणि डोळे उघडता येत नव्हते तरी डोक्यावरचा पदर शोधत होती. मी तिच्याजवळ गेले नाही. मला धीर झाला नाही.

बैलगाडी जुंपेपर्यंत बाबा खंदकातच खाली बसून होते. त्यांनी म्हाताऱ्याला विचारलं, "हे आधी काऊन नाई सांगतलं?"

म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात बाबांचा चष्मा होता. मला वाटलं, आता सगळं संपलं.

"सांगाले, आपलं बोलनं कुठी होतं, मास्तर," तो म्हणाला आणि मुंडासं झटकत उठला.

वहिनी वाचली. भैंशाला हाड बसवलं, पण हात खांद्याच्या वर कधी गेला नाही. बाबांनी वहीत बारा पानं खोडली आणि सुरुंगाचं प्रकरण नव्यानं लिहिलं. पुढे पाहुणे आले की त्यांना खंदकात उतरवून सुरुंगाचं तोंड दाखवायला लागले, तेही अगदी तितक्याच अभिमानानं, जसा काही त्यांनीच तो खणला होता. धाकट्या पातीकडून आमच्याकडे वांगी यायला लागली. म्हातारा वाटेत भेटला की मला एवढंच विचारायचा, "पोरी, वहिनी बरी हाय ना?" मी हो म्हणायची. तो दुसरं काही बोलला नाही, मरेपर्यंत नाही. त्यानं एकदा तरी मला झापायला हवं होतं, असं मला अजून वाटतं.

वहिनीला स्वतःची वेणी घालता येत नव्हती. त्या उन्हाळ्यात ते काम मी मागून घेतलं, आणि नंतर नोकरी लागली, लग्न झालं, तरी माहेरी आले की तिची वेणी मीच घालायची. माझ्याच फणीनं. घरात सगळे म्हणायचे, नणंद-भावजयीची काय माया आहे. मी ऐकून घ्यायची.

गढी हळूहळू गेलीच. सुरुंग उघडा पडल्यावर दोन-चार पावसाळ्यांत उत्तरेची भिंत बसली. मग घरांवर सिमेंटचे स्लॅब आले आणि मातीची गरजही संपली. आज तिथे एक लांबट उंचवटा आहे, त्यावर शेळ्या चढतात. शेंदराचा धोंडा अजून आहे. दसऱ्याला दोन्ही पात्या तिथे दिवा लावतात.

दहा-बारा वर्षांनंतरच्या एका सुट्टीतली गोष्ट. बाबा तेव्हा नव्हते. वहिनी ओट्यावर माझ्यापुढे बसली होती, मी तिच्या केसांना तेल लावून फणी फिरवत होते. समोरून धाकट्या पातीची कोणी सून वांग्यांची पाटी घेऊन गेली. तिच्याकडे पाहत वहिनी सहज म्हणाली, "बाई, त्या दिवशी म्हाताऱ्याचा आवाज मले आत आइकू आल्ता."

माझा हात थांबला.

"दोनी खेपा," ती म्हणाली. "पोकळ हाय म्हने, बाहीर बोलाव म्हने."

मी विचारलं, "मंग तुमी बाहीर काऊन नाई आल्या?"

"तुमी बोलून नोहत्या राह्यल्या ना माझ्यासंगं, त्या फणीपायी," ती म्हणाली. तिच्या आवाजात काही नव्हतं, राग नाही, टोमणा नाही. "म्हटलं, आता तरी बाई 'वहिनी' म्हनून हाक मारतीन. मारली का निंगू बाहीर."

फणीत तिचे चार केस अडकले होते. मी ते सोडवायला गेले आणि मला दिसेना.

"वहिनी," मी म्हणाले.

"हाव," ती म्हणाली. "घाला आता वेणी. चूल इझून राह्यली."